कवळी, चष्मा आणि पौंड

१४ ऑगस्ट १९४५ च्या मध्यरात्री ब्रिटनचे नवे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी रेडिओवरून जपानच्या शरणागतीची बातमी दिली. लंडनमध्ये लोक रस्त्यावर आले, शेकोट्या पेटल्या, पहाटेपर्यंत गाणी चालली. त्याच दिवशी मंत्रिमंडळापुढे अर्थखात्याचं एक टिपण गेलं होतं. लिहिणारे होते जॉन मेनार्ड केन्स. अमेरिकेची भरीव मदत मिळाली नाही, तर देशापुढे आर्थिक डंकर्क उभं आहे, असं त्यांनी त्यात बजावलं होतं. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून जवळजवळ सगळी अवजड शस्त्रास्त्रं टाकून, फक्त जीव वाचवून परतलेलं सैन्य ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको होता.

केन्स यांचं म्हणणं आकड्यांवर उभं होतं. युद्ध चालवण्यासाठी ब्रिटनने परदेशातली शंभर कोटी पौंडांहून जास्त मालमत्ता विकली होती. निर्यात युद्धापूर्वीच्या एक तृतीयांशावरही उरली नव्हती, कारण कारखाने तोफा आणि विमानं बनवण्यात गुंतले होते. गहू, तेल, तंबाखू, यंत्रं हे सगळं अमेरिकेकडून लेंड-लीज योजनेखाली येत होतं आणि त्याचे रोख पैसे मोजावे लागत नव्हते. २१ ऑगस्टला अध्यक्ष ट्रुमन यांनी ही योजना बंद केली. समुद्रात वाटेवर असलेल्या मालाचेही आता पैसे द्यायचे होते.

आणि नेमक्या याच घडीला लोकांनी आयुष्य बदलून टाकणारं सरकार निवडलं होतं. २६ जुलैला लागलेल्या निकालात मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल पायउतार झाले. बेव्हरिज अहवालाने १९४२ मध्ये दाखवलेली वाट, म्हणजे आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांच्या धास्तीतून सुटका, प्रत्यक्षात आणण्याचं वचन या पक्षाने दिलं होतं.

या सरकारबद्दल एक आरोप आजही ऐकू येतो. तिजोरीत खडखडाट असताना यांनी खैरात वाटली आणि ब्रिटनचा उद्योग मागे पडला, असा तो आरोप आहे. कोरेली बार्नेट या इतिहासकाराने तर त्यावर मोठा ग्रंथच उभा केला. मला हा आरोप पटत नाही. १९४५ ते १९५१ या सहा वर्षांत पौंड जिथे जिथे गडगडला, तिथली वर्षं आणि कारणं तपासली की सापडतात ती कर्जाची अट, परदेशात पोसलेली फौज आणि महासत्ता म्हणून मिरवण्याची सवय. दवाखाने त्या यादीत सापडत नाहीत. आणि तरीही पक्ष फुटला तो दवाखान्याच्याच पैशावरून. ही हकिगत मुळापासून सांगण्यासारखी आहे.

सप्टेंबरमध्ये केन्स वॉशिंग्टनला गेले. आपण एकट्याने हिटलरशी झुंज दिली, त्याची जाण ठेवून अमेरिका अनुदान देईल, निदान बिनव्याजी कर्ज देईल, अशी त्यांची आशा होती. अमेरिकी अधिकाऱ्यांना मात्र आपल्या काँग्रेसला तोंड द्यायचं होतं. तिथल्या मतदाराला ब्रिटिश साम्राज्याविषयी फारशी माया नव्हती, आणि मजूर सरकारला पैसे द्यायचे म्हणजे समाजवादाला पैसे द्यायचे, असंही अनेकांना वाटत होतं. तीन महिन्यांच्या घासाघिशीनंतर ६ डिसेंबरला करार झाला तो ३७५ कोटी डॉलरच्या कर्जाचा, दोन टक्के व्याजाने, पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडायच्या बोलीवर. लेंड-लीजचा हिशेब मिटवण्यासाठी आणखी ६५ कोटी डॉलर कर्जाच्या खात्यावर चढले. हृदयविकाराने आधीच खचलेले केन्स परत आले, लॉर्ड्स सभागृहात त्यांनी कराराची बाजू मांडली आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले.

करारातली जीवघेणी अट व्याजाची नव्हती. कर्ज हातात पडल्यापासून एका वर्षात पौंड मोकळा करायचा, ही ती अट. म्हणजे ब्रिटनला माल विकून ज्याने पौंड कमावला असेल, त्याने मागितल्यास त्या पौंडाचे डॉलर करून द्यायचे. अमेरिकेला जगाचा व्यापार खुला हवा होता आणि साम्राज्याच्या भिंतीआड कोंडलेला पौंड त्या वाटेत येत होता. कॉमन्समध्ये चर्चिल यांनी आपल्या सदस्यांना तटस्थ राहायला सांगितलं, तरी हुजूर पक्षातल्या अनेकांनी विरोधात मत टाकलं. मजूर पक्षातही कुरबूर होती. ठराव ९८ विरुद्ध ३४५ मतांनी मंजूर झाला. जुलै १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कर्जाला संमती दिली आणि १५ जुलै १९४७ ही मुदत कायम झाली.

ब्रिटनचं आणखी एक देणं होतं आणि ते आपल्या दाराशी येऊन थांबतं. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थान, इजिप्त आणि इतर देशांतून धान्य, कापड, ताग, पोलाद उचललं, फौजांचा खर्च भागवला आणि त्यापोटी लंडनमधल्या खात्यांवर नुसते पौंड मांडून ठेवले. या स्टर्लिंग शिलकेचा एकूण आकडा साडेतीनशे कोटी पौंडांच्या घरात गेला होता. त्यात सर्वांत मोठा सावकार हिंदुस्थान होता, त्याचं येणं सुमारे १३० कोटी पौंड.

सावकार म्हटलं की गादीवर बसलेला धनिक डोळ्यांपुढे येतो. इथे उसने पैसे दिले होते ते अर्धपोटी माणसांनी. लंडनमध्ये पौंड जमा झाले की त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक मुंबईत रुपयाच्या नोटा काढायची आणि त्या नोटांनी लष्करासाठी माल विकत घेतला जायचा. १९३९ मध्ये चलनात दोनशे कोटींच्या आत असलेल्या नोटा १९४५ पर्यंत अकराशे कोटींच्या वर गेल्या. माल लष्कराकडे, नोटा बाजारात. भाव आकाशाला भिडले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागे ही भाववाढ हे एक मोठं कारण होतं. याच काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुख यांनी सूत्रं घेतली.

१९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची घडी बसत होती, तेव्हा चिंतामणराव हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. त्यांच्यासोबत मुंबईचे अर्देशिर दराबशा श्रॉफ होते. बँकेत दहा लाख डॉलर जमा आहेत पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात सुटे नाहीत, अशा माणसासारखी आमची गत तुम्ही करणार का, असं श्रॉफ यांनी भर परिषदेत विचारलं. हा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत आणायला केन्स यांनी नकार दिला. उदारपणे दिलेलं कर्ज ब्रिटन सन्मानाने फेडील, असं मात्र त्यांनी सांगितलं. लंडनमध्ये मात्र या येण्याला कात्री लावण्याची भाषा चालूच राहिली. चर्चिल यांचं म्हणणं असं की हिंदुस्थानचं रक्षण आम्ही केलं, त्याचा खर्च वळता करून घ्यावा. हिंदुस्थानच्या बाजूने कुणीच हे मान्य केलं नाही. येणं कापलं गेलं नाही, पण मोकळंही झालं नाही. १४ ऑगस्ट १९४७ ला झालेल्या अंतरिम करारात तेव्हा उरलेल्या ११६ कोटी पौंडांच्या शिलकेतले साडेतीन कोटी पौंड तेवढे खर्चायला सुटले, शिवाय गंगाजळी म्हणून तीन कोटी. पुढच्या वर्षीच्या करारात तर इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची आणि मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची रक्कमही याच शिलकेतून वळती झाली.

आता इतकं देणं अंगावर असलेल्या देशाने काय करावं? अर्थमंत्री ह्यू डाल्टन सहकाऱ्यांच्या मागे लागले होते की परदेशातली फौज कमी करा. जर्मनी, ग्रीस, पॅलेस्टाइन, इजिप्त, मलाया असं सगळीकडे ब्रिटिश सैन्य पसरलेलं होतं. प्रत्येक छावणीला परकीय चलन लागत होतं. जर्मनीच्या ब्रिटिश ताब्यातल्या भागाला तर डॉलर मोजून धान्य पुरवावं लागत होतं. हरलेल्या शत्रूला जगवण्यासाठी आणि जगभरच्या गव्हाच्या टंचाईमुळे, जुलै १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये पावावर रेशन आलं. पाणबुड्यांच्या वेढ्यातही जे घडलं नव्हतं ते विजयानंतर घडलं. गृहिणी रांगेत उभ्या राहून सरकारला बोल लावू लागल्या आणि हुजूर पक्षाला पहिला मुद्दा मिळाला.

परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन मात्र मागे हटायला तयार नव्हते. हे बेव्हिन म्हणजे वाहतूक कामगारांचे पुढारी. पुढे येणारे अन्युरिन बेव्हन वेगळे, त्यांचा घोळ होऊ देऊ नये. २५ ऑक्टोबर १९४६ ला एक गुप्त समिती अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या कारखान्याचा विचार करत होती. डाल्टन आणि व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स खर्चाकडे बोट दाखवत होते आणि बैठक त्यांच्या बाजूने झुकत चालली होती. बेव्हिन जेवणानंतर डुलकी लागल्यामुळे उशिरा आले. माझं सोडा, पण अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री माझ्याशी जसा बोलला तसा तो पुढच्या कुठल्याही ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याशी बोलता कामा नये, असं त्यांनी सांगितल्याचं बैठकीतल्या एका अधिकाऱ्याने नंतर नोंदवलं. वाटेल तो खर्च येवो, बॉम्ब हवा आणि त्यावर युनियन जॅक हवा, हे त्यांचं शेवटचं म्हणणं. बैठकीचा नूर पालटला. जानेवारी १९४७ मध्ये बॉम्ब बनवण्याचा अंतिम निर्णय सहा मंत्र्यांच्या त्याहून लहान समितीने घेतला. खर्चावर बोट ठेवणारे डाल्टन आणि क्रिप्स त्या समितीत नव्हते.

त्याच जानेवारीच्या एक तारखेला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. खाणीखाणीच्या फाटकावर पाट्या लागल्या की ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवत आहे. पिढ्यान् पिढ्या मालकाशी झगडलेल्या खाणकामगारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीन आठवडे उलटले आणि बर्फ पडायला लागलं. ते मार्चच्या मध्यापर्यंत थांबलं नाही. खाणीतून काढलेला कोळसा वॅगनींत गोठून बसला, रूळ बर्फाखाली गेले, वीज केंद्रांचे साठे संपत आले. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी कॉमन्समध्ये अचानक सांगितलं की देशाच्या मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज सोमवारपासून बंद. घरांना सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज मिळणार नव्हती. कचेऱ्यांत मेणबत्त्या लावून कारकून कोट घालून कामाला बसले. साप्ताहिकांची छपाई थांबली. बेकारांचा आकडा काही आठवड्यांपुरता वीस लाखांच्या वर गेला आणि सुमारे वीस कोटी पौंडांची निर्यात बुडाली.

शिनवेल यांना धोक्याचे इशारे आधीच मिळाले होते आणि त्यांनी ते कानाआड केले, हा दोष त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. पण मला त्या फेब्रुवारीतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवण्याचं ठरलं. २० तारखेला ॲटली यांनी जाहीर केलं की जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता सोपवू. २१ तारखेला अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं यापुढे आम्हाला जमणार नाही. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यामागे इथल्या लढ्याची पुण्याई आहेच. पण गारठलेल्या लंडनमधला तो महिना वगळून त्या निर्णयाची घाई समजत नाही.

१५ जुलै १९४७ ला मुदत भरली आणि पौंड मोकळा झाला. साऱ्या जगाला तेव्हा डॉलरची भूक होती, कारण विकायला माल फक्त अमेरिकेकडे होता. पौंड हाती आला की तो बँकेत नेऊन डॉलर मागायचे, हे प्रत्येक देशाने सुरू केलं. ऑगस्टच्या मध्याला आठवड्याला पंधरा कोटींहून जास्त डॉलर बाहेर जात होते. पन्नास वर्षांत फेडायचं कर्ज वर्षभरात संपत आलं. २० ऑगस्टला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याला पाच दिवस झाले तेव्हा, डाल्टन यांना रेडिओवर सांगावं लागलं की पौंडाचे डॉलर करून देणं बंद. कर्जातले अवघे चाळीस कोटी डॉलर उरले होते.

डाल्टन यांचा आत्मविश्वास त्या उन्हाळ्यात गेला तो परत आलाच नाही. १२ नोव्हेंबरला ते पुरवणी अर्थसंकल्प मांडायला सभागृहात निघाले. दाराशी 'द स्टार' या सायंदैनिकाचा ओळखीचा बातमीदार भेटला. डाल्टन चालता चालता त्याला सांगून गेले: तंबाखूवर काही नाही, बिअरवर एक पेनी, कुत्र्यांच्या शर्यतींवर आणि फुटबॉलच्या पैजांवर कर, घोड्यांवर नाही, नफ्यावरचा कर दुप्पट. त्यांचं भाषण त्या मुद्द्यांपर्यंत पोचायच्या आधीच अंकाच्या काही प्रती रस्त्यावर विकल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि ॲटली यांनी तो स्वीकारला.

जागेवर आले सर स्टॅफर्ड क्रिप्स. १९४२ ची क्रिप्स योजना आणि १९४६ ची त्रिमंत्री योजना यांमुळे मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. शाकाहारी, दारूला न शिवणारा, पहाटे थंड पाण्याने अंघोळ करून कामाला बसणारा हा बॅरिस्टर आधी ॲटलींना हटवून बेव्हिन यांना पंतप्रधान करण्याच्या खटपटीत होता. ॲटलींनी त्यांना अर्थव्यवहाराचं मंत्रिपद देऊन शांत केलं आणि आता अर्थखातंही दिलं. क्रिप्स यांनी देशाला काटकसरीचं व्रत लावलं. चांगलं कापड, मोटारी, चिनी मातीची भांडी आधी निर्यातीला. घरच्या माणसाला उरलंसुरलं. १९४८ मध्ये त्यांनी पगारवाढ रोखण्याचं आवाहन केलं आणि कामगार संघटनांनी ते मानलं. आपल्या सरकारवर भरवसा ठेवून कामगारांनी केलेला हा त्याग मला त्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मार्शल योजनेच्या मदतीत सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळाला. १९५० पर्यंत निर्यात युद्धापूर्वीच्या दीडपटीच्याही पुढे गेली. दोन युद्धांच्या मधल्या बहुतेक काळात बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर होती. आता ती तीन-चार लाखांवर आली.

आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन त्या दिवशी मँचेस्टरजवळच्या एका रुग्णालयात गेले. वेल्सच्या ट्रेडेगर गावात ते कोवळ्या वयात खाणीत उतरले होते; वडील खाणीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले होते. डॉक्टरची फी हा त्या वस्त्यांतला सर्वांत मोठा धसका होता. नजर अधू झाली तर लोक वूलवर्थच्या दुकानात जाऊन टेबलावरचे तयार चष्मे एकेक करून डोळ्यांना लावून बघायचे आणि ज्यातून अक्षर दिसेल तो घ्यायचे. काही कामगार वस्त्यांत तर लग्न ठरलेल्या मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देत, म्हणजे पुढे नवऱ्याला दातांच्या डॉक्टरचा खर्च नको. पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून जास्त चष्मे दिले गेले. कवळ्यांसाठी रांगा लागल्या. अंदाजपत्रकाचे आकडे ओलांडले गेले, हे खरं. पण इतक्या वर्षांचं साचलेलं दुखणं एकदम दारात आलं होतं.

१९४९ च्या वसंतात अमेरिकेत मंदीची झुळूक आली. ब्रिटिश मालाची मागणी घटली, डॉलर पुन्हा आटू लागले. पौंडाचा ४.०३ डॉलर हा भाव टिकणार नाही, अशी कुजबुज सुरू झाली की व्यापारी पैसे द्यायला उशीर करतात आणि कुजबुज खरी ठरते. क्रिप्स यांनी जाहीरपणे पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. जुलैमध्ये आजारपणाने ते झ्यूरिकच्या आरोग्यधामात गेले. मागे तीन तरुण मंत्री राहिले: ह्यू गेट्सकेल, डग्लस जे आणि हॅरोल्ड विल्सन. अवमूल्यन टळणार नाही, या निष्कर्षावर हे तिघं आले. सुट्टीवर निघालेल्या विल्सन यांच्या हाती ॲटलींचं पत्र झ्यूरिकला गेलं. क्रिप्स यांना ते रुचलं नाही, पण त्यांनी मान तुकवली. १८ सप्टेंबरच्या रविवारी रात्री त्यांनी देशाला सांगितलं की पौंड आता २.८० डॉलरचा. पावाची लादी साडेचार पेनीवरून सहा पेनीवर गेली.

त्याच सुमारास भारतानेही रुपया तेवढाच उतरवला, डॉलरला ३.३१ ऐवजी ४.७६ रुपये पडू लागले. पाकिस्तानने आपला रुपया तसाच ठेवला, आणि कलकत्त्याच्या गिरण्यांचा ताग व मुंबईच्या गिरण्यांचा सिंध-पंजाबचा कापूस अडकला. लंडनमध्ये चर्चिल यांनी क्रिप्स यांच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली. खोटेपणाचा आरोप त्या धार्मिक माणसाला इतका लागला की ब्रिस्टल विद्यापीठाची मानद पदवी कुलपती चर्चिल यांच्या हातून घ्यायला त्यांनी नकार दिला. अवमूल्यन करणारा पक्ष हा शिक्का मजूर पक्षावर बसला. फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत त्याचं बहुमत पाच जागांवर आलं.

पुढे जे घडलं ते पाहताना जीव हळहळतो. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावला पाहिजे, म्हणून शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम ठरला. आधी तीन वर्षांत ३६० कोटी पौंड. जानेवारी १९५१ मध्ये तो ४७० कोटींवर नेला. थकलेले क्रिप्स ऑक्टोबरमध्येच बाजूला झाले होते आणि ४४ वर्षांचे गेट्सकेल अर्थमंत्री झाले होते. वडील ब्रह्मदेशात सनदी अधिकारी, शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड, हिशेबाला पक्का, शब्दाला पक्का. त्यांची नेमणूक बेव्हन यांना झोंबली होती. १० एप्रिलच्या अर्थसंकल्पात गेट्सकेल यांनी कवळीचा आणि चष्म्याचा निम्मा खर्च रुग्णाकडून घेण्याचं ठरवलं. त्यातून त्या वर्षी मिळणार होते एक कोटी तीस लाख पौंड.

बेव्हन यांचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. उपचार फुकट हे तत्त्व एकदा मोडलं की पुढचं दार उघडं राहतं, हा पहिला पाय. दुसऱ्याकडे कमी लक्ष गेलं: ४७० कोटी खर्च करता येणारच नाहीत, कारण तेवढं पोलाद, तेवढी यंत्रं, तेवढी माणसं देशात नाहीत, अमेरिका जगभरचा कच्चा माल ओढून घेत आहे आणि या घाईने निर्यातीचे कारखाने उपाशी मरतील. बेव्हन तोंडाचे फटकळ होते, गेट्सकेल यांच्याविषयी त्यांच्या मनात आकस होता आणि धमकावण्याची त्यांची पद्धत सहकाऱ्यांना दुखवून गेली, हे मान्य. ॲटली तेव्हा अल्सरने रुग्णालयात होते. मंत्रिमंडळ उपपंतप्रधान हर्बर्ट मॉरिसन चालवत होते आणि त्यांना बेव्हन आवडत नव्हते. दोघांमध्ये पडून समेट करू शकले असते ते बेव्हिन १४ एप्रिललाच वारले. २२ एप्रिलला बेव्हन यांचा राजीनामा जाहीर झाला. पाठोपाठ विल्सन आणि कनिष्ठ मंत्री जॉन फ्रीमन यांनीही राजीनामे दिले.

४७० कोटींच्या पुढे एक कोटी तीस लाख! सरकारला तो आकडा कुठेही सापडला असता. गेट्सकेल यांनी तो कवळीतूनच काढायचा हट्ट धरला, कारण मजूर पक्षही खर्चाला लगाम घालू शकतो हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवायचं कुणाला, तर वॉशिंग्टनला आणि लंडनच्या बाजाराला. ज्यांनी सरकारच्या शब्दाखातर पगारवाढ मागितली नव्हती, त्या खाणकामगारांच्या तोंडातून.

बेव्हन यांचा अंदाज वर्षभरात खरा ठरला. १९५० मध्ये शिलकीत असलेला व्यवहारतोल १९५१ च्या अखेरीस मोठ्या तुटीत गेला. शस्त्रसज्जतेचा वेग कमी करावा लागला आणि तो केला चर्चिल यांनी. बेव्हन या बाबतीत बरोबर निघाले, हे चर्चिल यांनी सभागृहात बोलूनही दाखवलं.

कारण तोवर सत्ता चर्चिल यांच्याकडे आली होती. २५ ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला एक कोटी ३९ लाख मतं मिळाली, हुजूर पक्ष आणि त्याच्या साथीदारांना एक कोटी ३७ लाख. जास्त मतं घेऊनही मजूर पक्षाच्या जागा २९५ आणि हुजूर पक्षाच्या ३२१, कारण खाणींच्या दऱ्याखोऱ्यांत मजूर पक्षाची मतं ढिगाने साचली होती आणि इतरत्र उदारमतवाद्यांची मतं हुजूर पक्षाकडे वळली. नव्या सरकारने आरोग्य सेवा मोडली नाही. औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लावून ती चालू ठेवली. नवे अर्थमंत्री बटलर आणि जुने गेट्सकेल यांच्यात इतकं साम्य दिसू लागलं की 'इकॉनॉमिस्ट'ने १९५४ मध्ये दोघांची नावं जोडून 'बट्सकेल' असं एकच नाव करून टाकलं. मांसावरचं रेशन त्याच वर्षी जुलैत उठलं.

मजूर पक्ष तेरा वर्षं सत्तेबाहेर राहिला. बेव्हनवादी आणि गेट्सकेलवादी अशी फूट त्या सगळ्या काळात भरून आली नाही. बेव्हन १९६० मध्ये गेले, गेट्सकेल १९६३ मध्ये. १९६४ मध्ये पंतप्रधान झाले ते कवळीवरून राजीनामा दिलेले हॅरोल्ड विल्सन. त्यांनी औषधांवरची आकारणी रद्द केली. पण पौंडाचा २.८० डॉलरचा भाव टिकवण्यासाठी ते तीन वर्षं झगडले, कारण अवमूल्यन करणारा पक्ष हा शिक्का दुसऱ्यांदा नको होता. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.४० वर आलाच. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन यांनी एकाच निवेदनात दोन गोष्टी सांगितल्या: औषधांवर पुन्हा पैसे घेतले जातील, आणि सुएझच्या पूर्वेकडचं ब्रिटिश सैन्य १९७१ पर्यंत मागे येईल. यातली दुसरी गोष्ट डाल्टन यांचं ऐकून १९४७ मध्येच करायला हवी होती. केन्स यांनी आणलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २९ डिसेंबर २००६ रोजी भरला.